सासूच्या आवाजाच्या जागी जुगार

धुळ्याच्या अक्का निवृत्त शिक्षिका. नोकरी संपल्यापासून त्या शिंदखेडा तालुक्यात गावोगाव फिरतात आणि म्हाताऱ्या बायकांचं अहिराणी बोलणं फोनवर रेकॉर्ड करतात. कुणी भरताची वांगी कशी भाजायची ते सांगतं, कुणी लग्नातले रुसवेफुगवे. हे आवाज सगळ्यांना ऐकता यावेत म्हणून एक वेबसाइट आहे, ती मी सांभाळते. मी जळगावला असते. दुकानांच्या, छोट्या संस्थांच्या वेबसाइट चालवणं हा माझा व्यवसाय. अक्कांचं काम मात्र मी व्यवसायात धरत नाही.

एका दुपारी त्यांचा फोन आला. एरवी त्या आधी जेवण झालं का ते विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही.

"नरडाण्याकडच्या ज्या आजींचा आवाज मी घेतला होता, त्यांच्या सुनेचा फोन होता," त्या म्हणाल्या. "सासूचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना सासूचा आवाज ऐकवायला आपली साइट उघडली. तर भलतंच पान आलं."

सून त्यांना म्हणाली होती, "अक्का, मी सासूना आवाज लावाले गयू, तठे जुगार निंघना. बठ्ठा पाव्हना बसेल व्हतात." म्हणजे सगळ्या पाहुण्यांसमोर हे झालं होतं.

मी लगेच साइट उघडली. सगळं जागच्या जागी होतं. म्हटलं, तिचं काहीतरी चुकलं असेल. मग फोनवर साइटचं नाव शोधलं, त्यातून आत गेले आणि पत्ते, नाणी, नाचणाऱ्या बाया समोर आल्या. म्हणजे शोधून येणाऱ्याला जुगार दिसत होता आणि सरळ येणाऱ्या माझ्यासारखीला नेहमीचं पान. साइट सांभाळणारीला कळू नये याची कुणीतरी नीट काळजी घेतली होती.

व्हायरस शोधणारा प्रोग्राम सर्व्हरवर चालवला. त्याला काहीच सापडलं नाही. मग सर्व्हरवर काय काय चालू आहे ते एकेक करून पाहायला बसले आणि एका नावावर थांबले. ते साधन मी स्वतः रोज वापरते. सर्व्हर नीट चालतोय का हे त्यातून दुरून बघता येतं, दुरूनच त्याला कामही सांगता येतं. जगभरातल्या लोकांनी नोकऱ्या सांभाळून, फावल्या वेळात ते बनवलंय. कुणीही घ्या, आतला कोड वाचा, सुधारा. त्याच्या काही पानांचं मराठी मीच केलंय. व्हायरस शोधणाऱ्याने त्याला हटकलं नाही, कारण त्यात वाईट काही नव्हतंच.

पण अक्कांच्या सर्व्हरवर मी ते बसवलेलं नव्हतं. आणि ते ज्या पत्त्यावर खबर पाठवत होतं, तो माझा नव्हता. कुणीतरी तिकडे बसून माझ्याच ओळखीच्या साधनाने आमचं घर चालवत होतं.

ज्या कंपनीकडून सर्व्हर भाड्याने घेतला होता तिला मी फोन लावला. तिकडच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही लोक फुकटचं सॉफ्टवेअर वापरता ना, मग हे होणारच. आमचं पॅकेज घ्या."

"चोर आत कुठून आला ते सांगू का?" मी विचारलं. "साइट तुम्ही नव्या सर्व्हरवर हलवलीत. तेव्हा डेटाबेस उघडायचं पान तुम्हीच बसवलंत, सगळ्या जगाला उघडं ठेवलंत आणि त्याचा पासवर्ड जसा आला तसाच राहू दिलात. सर्व्हरच्या नोंदींमध्ये दिसतंय मला."

तो म्हणाला, चेक करून सांगतो. अजून सांगायचाय.

त्या सर्व्हरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. मी नवा सर्व्हर घेतला, अक्कांच्या घरच्या डिस्कवरून सगळे आवाज पुन्हा चढवले, आणि ते साधन बनवणाऱ्यांना काय झालं ते सविस्तर लिहून कळवलं. त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं. साधनात काय बदल करता येईल ते त्याने लिहिलं होतं, आणि शेवटी माफी मागितली होती. कुठल्या देशातला, कोण, मला माहीत नाही. त्याची माफी वाचून माझा संताप आणखी वाढला. ज्याने काही केलं नाही तो माफी मागत होता. ज्याने केलं, तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या दारात उभा होता.

साइट सुरू झाल्यावर अक्का एसटीने नरडाण्याला गेल्या. मीही सोबत होते. सुनेच्या नवऱ्याने चहा दिला, फार आदराने बोलला.

"अक्का, तुम्हना दोष नही शे," तो म्हणाला. "पन मायना आवाज आते तठे नको."

अक्कांनी समजावलं नाही. "बरं भाऊ," एवढंच म्हणाल्या. सून आत चुलीपाशी उभी होती. आम्ही निघताना ती अंगणापर्यंत आली आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. त्यात तो आवाज घालून दे, म्हणाली.

मी तिथेच ओट्यावर बसून तो तिच्या फोनमध्ये घातला आणि साइटवरून काढून टाकला. अक्का तोवर रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, मी त्यांच्या शेजारी.