निर्जळी उपास

हळदीच्या पोत्यांजवळून गेलो की सांगलीतली ती दुपार आठवते. महायुद्ध संपलं त्या वर्षी मी पाटणहून तिथं आलो होतो. बी.एस्सी. झालो होतो, पण मेडिकलच्या प्रवेशासाठी जीवशास्त्र नव्यानं शिकायचं होतं. हळदीच्या एका जैन व्यापाऱ्याच्या गोदामावर मी खोली घेतली होती, आणि भिंतीवरची हाडांची चित्रं पाहून घरातले सगळे मला डॉक्टरच म्हणत. पर्युषणात एकदा मालक धावत वर आले. "आवं डॉक्टर, आईचा निर्जळी उपास हाय, तिला भोवळ आलीया. पेठेतलं डॉक्टर मिरजेला गेल्यात. पाणी पाजू का नगं?" खाली म्हातारी चटईवर पडली होती. मी मनगट धरलं. नाडी भरभर चालली होती, पण ते कितपत वाईट, हे मला ठाऊक नव्हतं. पाणी द्या म्हणावं तर व्रत मोडणार, नको म्हणावं तर कदाचित जीव जाणार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात म्हातारीनंच डोळे उघडले. "काय म्हंतोय ह्यो?" मी म्हणालो, "आजी, मला काहीच कळत नाही." ती क्षीण हसली. "मग गप बस की रं. हात तेवढा सोडू नगंस." दिवस मावळेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांच्या देखत पारणं केलं, आणि पहिला घास मला दिला. पुढं मी खरोखरच डॉक्टर झालो. आज तिथं असतो तर तिला ताबडतोब पाणी पाजलं असतं, आणि तिनं मला जन्मभर माफ केलं नसतं.