सोनिवलीचं स्मार्ट लॉन

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक, गावाला गेलेल्यांच्या किल्ल्या, आणि दुसरे, किस्से. किल्ल्या लोक परत तरी नेतात! किस्से माझ्याच डोक्यात पडून राहतात, आणि आता त्यातले निम्मे एका पांढऱ्या डब्याचे आहेत. तुम्ही खुशाल हसा. मला हल्ली त्यातल्या एकाचंही हसू येत नाही.

आमची सोनिवलीला रो-हाऊसची सोसायटी. चोवीस घरं, मधोमध लॉन. मी अंबरनाथ पूर्वेला एका शाळेच्या ऑफिसात आहे. सेक्रेटरी कशी झाले? त्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि तोवर माझं नाव लिहून झालं होतं! चेअरमन गुरनानी शेठ, त्यांचं उल्हासनगरला पडद्यांचं दुकान. सावंतसाहेब कमिटी मेंबर, कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. त्यांना रिटायर केलंय हे कारखान्याला माहीत आहे, त्यांना नाही.

आणि दशरथदादा, आमचे माळी. गावातलेच. लॉन आहे तिथे पूर्वी त्यांच्या चुलत्यांचं भाताचं खाचर होतं. पहिल्या घराचा पाया खणला तेव्हापासून ते इथेच आहेत.

*

सावंतसाहेबांची लेक लंडनला असते. तिच्याकडे जाऊन आले आणि आल्या आल्या जाहीर केलं, "तिकडे माळी नावाचा प्रकारच नाही! भिंतीवर एक डबा. वाय-फायवर चालतो. हवा बघतो, माती बघतो, स्वतःच पाणी सोडतो. आपण फक्त मोबाइल बघायचा."

जनरल मीटिंग गेटजवळच्या शेडमध्ये होती. ठराव असा झाला की डबा बसवायचा, तीन महिने ट्रायल घ्यायची. तीन महिने लॉन हिरवं राहिलं तर माळी बंद. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. खोटं कशाला बोलू?

मीटिंगच्या खुर्च्या दशरथदादांनीच मांडल्या होत्या. उचलताना त्यांनी विचारलं, "काय ठरलं, ताई?"

"मशीन बसवायचंय, दादा," मी म्हटलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही.

ते खूश झाले. म्हणाले, "बरं झालं. सकाळी चार पाइप ओढता ओढता कंबर मोडते."

*

डबा बसवायला माणूस आला. त्याने विचारलं, पाण्याच्या जुन्या लाइन कुठून गेल्यात? सावंतसाहेबांनी नकाशा पसरला. नकाशाप्रमाणे खणलं तर सोसायटीच्या जिमचा ड्रेनेज पाइप फुटला! मग दशरथदादांना बोलावलं. त्यांनी पायाने माती चाचपत चाचपत दाखवलं, इथून, मग इथून, मग त्या चाफ्याखालून. चर त्यांनीच खणले, फवारे त्यांनीच जमिनीत बसवले, आणि माती लोटून वर गवताचे तुकडेही असे लावले की सांधा दिसू नये.

तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, हा माणूस सोडू नका हां. असा मिळत नाही."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

*

आता वाय-फाय. डब्याला सगळ्यात जवळचं घर गुरनानी शेठचं, म्हणून राउटर त्यांचा. पण शेठची एक जन्माची सवय आहे. दुकानाला निघताना घराचा मेन स्विच बंद! दिव्यांपासून राउटरपर्यंत सगळं गप्प.

इकडे सावंतसाहेब दिवसभर मोबाइलवरून डब्याला हुकूम सोडायचे. पूर्वेकडे दहा मिनिटं. नको, पंधरा. पश्चिमेकडे आत्ता. चाफ्याजवळ पुन्हा एकदा. डबा ढिम्म. त्याला नेटच नाही तर ऐकणार कसा?

शनिवारी शेठ लग्नाला गेले ते मुक्कामी राहिले. रविवारी सकाळी घरी आले, मेन स्विच चालू केला. त्या वेळी लॉनवर आमचा योगाचा क्लास चालू होता आणि शवासन लागलं होतं. अठरा बायका आणि चार पुरुष, डोळे मिटून, आडवे, शरीर सैल. डब्याला साचलेले सगळे हुकूम एकदम पोचले!

पूर्वेचे फवारे उडाले. लोक उठून पश्चिमेला पळाले. पश्चिमेचे उडाले. चाफ्याजवळ पळाले, तिथले उडाले. शेठ गॅलरीतून ओरडले, "अरे सावंतसाब, योगा कराते हो कि नहलाते हो!"

सावंतसाहेब ओलेचिंब उभे, आणि चेहरा समाधानाने फुललेला. म्हणाले, "बघा! एकही हुकूम विसरला नाही!"

*

पाण्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस पाणीच येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आलं तर करंगळीएवढी धार. हे डब्याला कोण सांगणार? सहा वाजले की तो व्हॉल्व्ह उघडायचा. फवारे जमिनीतून डोकी वर काढायचे, फुस्स करून हवा सोडायचे, वीस मिनिटं तसेच फुसफुसायचे आणि खाली जायचे. मोबाइलवर हिरवी टिक. वीस मिनिटं पूर्ण!

सावंतसाहेब ती टिक ग्रुपवर टाकायचे. खाली तेवीस घरांचे अंगठे.

लॉन हिरवं होतं, हे मात्र खरं. का होतं ते मी एकटीने बघितलं होतं. मी सकाळी लवकर निघते ना! दशरथदादा मागच्या बोअरिंगला पाइप लावून, फवारे जिथे फुसफुसून गेले तिथे तिथे पाणी घालत होते. दर कोरड्या दिवशी. कोणी सांगितलेलं नाही.

शेवटी मला राहवलं नाही. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दादा, नका घालू पाणी. तीन महिन्यांची ट्रायल आहे. लॉन हिरवं राहिलं तर तुम्हाला बंद करणार आहेत. सुकू दे एकदा. डोळे उघडू देत यांचे."

त्यांनी पाइप बाजूला धरला. मला वाटलं, आता चिडतील. चिडायलाच हवं होतं, माझ्यावरच.

"ताई, कधी ठरलं हे?"

"खुर्च्या मांडल्या होत्यात ना, त्या दिवशी."

"हां," ते म्हणाले. मग पाइप पुन्हा गवतावर धरला. "सुकू द्यायचा पगार घेतो का मी?"

*

एप्रिलमध्ये कहर झाला. ऊन असं की गेटची कडी हाताला चटका देत होती. आणि मोबाइलवर मेसेज: आज पाऊस आहे, पाणी देण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, "मुसळधार पाऊस." आकाशात औषधालाही ढग नव्हता!

मी सावंतसाहेबांना विचारलं, "अहो, कुठे आहे पाऊस?"

"मॅडम, तो सॅटेलाइटवरून बघतो. आपल्याला दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं."

आणि खरं सांगते, त्या दिवशी ते भाजी आणायला छत्री घेऊन गेले!

अकरा दिवस डब्याने एक थेंब सोडला नाही. अकरा दिवस दशरथदादांनी बोअरिंगचा पाइप ओढला, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. बाराव्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. डब्याचं अकाउंट तिने तिच्या घरून, तिथल्याच पत्त्यावर उघडून दिलं होतं. डबा सोनिवलीचं लॉन लंडनच्या हवेवर चालवत होता!

सावंतसाहेबांनी पत्ता बदलला. ग्रुपवर लिहिलं, "अकरा दिवस पाणी न देता लॉन हिरवं. यंत्राने मुळं खोल नेली आहेत." खाली माझा सोडून बावीस अंगठे. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि एकटीच बसून रडले. रागाने. एवढ्या शिकलेल्या माणसांचा मला आयुष्यात इतका राग आला नव्हता.

*

तीन महिने झाले. मीटिंग. या वेळी मी वेळेवर गेले आणि उभी राहिले. सगळं सांगितलं. फुसफुस, बोअरिंग, लंडन, सकाळ-संध्याकाळचा पाइप. म्हटलं, "लॉन डब्याने नाही, दशरथदादांनी जगवलंय."

दोघातिघांनी वळून लॉनकडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो!

सावंतसाहेबांनी दशरथदादांना बोलावून घेतलं. "तुम्ही पाणी घातलंत?"

"हो, साहेब."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाय."

"म्हणजे यंत्राची ट्रायल चालू असताना तुम्ही मध्ये ढवळाढवळ केलीत!" सावंतसाहेब सगळ्यांकडे वळले. "आता खरी ट्रायल घ्यायची तर हे इथे असताना होणारच नाही. मी म्हणतो, आधी यांना बंद करा, मग यंत्र बघा."

मी "अहो, पण..." म्हणेपर्यंत हात वर गेले होते. गुरनानी शेठचाही हात वर होता. शेठ मनाने वाईट नाहीत. बाहेर पडताना मला म्हणाले, "बंदा अच्छा है, मॅडम. पर ठराव हो गया ना, अब मैं क्या करूँ?"

पत्रावर सही सेक्रेटरीची लागते. मी केली. राजीनामा देता आला असता, हे मला त्या वेळीही कळत होतं. दिला नाही. माझीच मला लाज वाटते.

दशरथदादांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग पाइप नीट गुंडाळून खांद्यावर घेऊन आले आणि विचारलं, "हा कोणाच्या ताब्यात देऊ?"

चोवीस घरांत तो पाइप घ्यायला कोणी नव्हतं. शेवटी माझ्या जिन्याखाली ठेवला.

*

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं, तेही करंगळीएवढं. लॉन पंधरा दिवसांत पिवळं, महिन्यात खाकी. सावंतसाहेबांनी आधी "गवत विश्रांती घेतंय" असं लिहिलं. मग काहीच लिहिलं नाही. मी दोनदा बोअरिंगचा पाइप लावून बघितला. शाळेला उशीर झाला, साडी भिजली आणि सगळं पाणी एकाच कोपऱ्यात साचलं. एवढं सोपं नसतं ते! दशरथदादा तोवर एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसले होते. रिक्षातून जाताना एकदा दिसले. मी तोंड फिरवलं.

मोबाइलवर रोज सकाळी टिक येतच होती.

*

मग गुरनानी शेठनी तोडगा काढला. त्यांच्या ओळखीत उल्हासनगरला प्लास्टिकचं लॉन मिळतं. गुंडाळी आणायची, पट्ट्या शेजारी शेजारी अंथरायच्या, झालं! "न पानी, न माली, न झगडा." एका रविवारी सगळं लॉन हिरवंगार झालं. फोटोत तर इतकं छान दिसतं की सावंतसाहेबांच्या लेकीने लंडनहून टाळ्या पाठवल्या.

डबा काढायचा विषय निघाला तर सावंतसाहेब दुखावले. म्हणाले, एवढी चांगली वस्तू आहे, राहू दे. रस्त्यावर डंपर चालतात, त्यांची धूळ बसते, ती धुऊन निघेल. म्हणून फवाऱ्यांपुरती प्लास्टिकला भोकं पाडली आहेत, आणि रोज सहा वाजता डबा प्लास्टिकला पाणी घालतो.

पण पाणी साचतं. घसरून दोघं पडले. ते पाणी लोटायला माणूस हवा, म्हणून ठराव झाला आणि दशरथदादांना परत बोलावलं. आठवड्यातून तीन दिवस, फक्त सकाळी. कामाची यादी सावंतसाहेबांनी स्वतः लिहिली: पाणी लोटणे, पानं गोळा करणे, आणि पट्ट्यांच्या सांध्यांतून काही उगवल्यास ते तत्काळ काढणे. खाली माझी सही.

परवाची गोष्ट. मी शाळेला निघाले होते. फवारे नुकतेच थांबलेले, दशरथदादा वायपरने पाणी लोटत होते. मला बघून त्यांनी वायपर टेकवून ठेवला आणि चाफ्याजवळ उकिडवे बसले.

"ताई, जरा इकडं या."

मी गेले. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून बोटभर गवत वर आलं होतं. दहा-बारा पाती असतील. त्यांनी ती तळहाताने अलगद एका बाजूला केली, मुळाशी माती बघितली आणि पुन्हा सरळ केली.

"हे खरं हाय," ते म्हणाले. "उपटू?"

वर गॅलरीत सावंतसाहेब चहाचा कप घेऊन उभे होते. खाली बघत होते.

मी म्हटलं, "उपटा."