विहिरीत सोडलेली बारोलो

“पाटील, चोवीस बाटल्या आहेत आणि एकीवरही नाव नाही!”

नागावच्या बंगल्याच्या व्हरांड्यात मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. टेबलावर चोवीस उघड्याबोडक्या बाटल्या. मी एसी-रेफ्रिजरेशनवाला. अलिबाग पट्ट्यात सव्वीस वर्षं हेच काम करतोय, पण असा पेशंट पहिल्यांदाच बघत होतो. शिवाय दुखणं मीच लावलेलं.

मॅडमकडे वाइन ठेवायची छोटी खोली आहे, तिला सेलर म्हणतात. साधा एसी तिथे चालत नाही. तो हवा कोरडी करतो, मग बाटलीचं बूच आकसतं, आत हवा शिरते आणि वाइन बिघडते. म्हणून गारवा आणि ओल दोन्ही राखणारं युनिट लागतं. गेल्या आठवड्यात वादळाने लाइटचे खांब आडवे झाले. तीन दिवस वीज नाही. मॅडम मुंबईत, आणि मी पडलेल्या झाडांमुळे पोयनाडला अडकलेलो. खोली तापायला लागली तसा वाडी सांभाळणाऱ्या काशिनाथभाऊंचा फोन आला. मी म्हटलं, “विहिरीत सोडा. पाणी गार असतं.”

स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा बेहद्द खूश होतो.

भाऊंनी जुन्या जाळ्यात बाटल्या बांधून अलगद विहिरीत सोडल्या. वीज आल्यावर वर काढल्या, तर लेबलं सगळी पाण्यात.

“तुमीच बोललाव ना, विहिरीत सोडा? सोडल्या. एक पन फुटली न्हाय,” भाऊ म्हणाले. कागदाचा लगदा त्यांनी बादलीत जपून ठेवला होता, पुरावा म्हणून.

“यात तीन बारोलो आहेत,” मॅडम म्हणाल्या. बारोलो म्हणजे इटलीची तांबडी, दमदार वाइन. नवी असताना इतकी तुरट, की कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आखडते. वीस-पंचवीस वर्षं अंधारात आडवी ठेवली की माणसात येते. “मिस्टरांनी आणल्या होत्या, लेकीच्या जन्मसालच्या. एक तिच्या लग्नात उघडायची, दोन तिच्या संसाराला द्यायच्या. ते आता नाहीत, पाटील. आणि लग्न रविवारी आहे.”

मला फार वाईट वाटलं. कॉम्प्रेसर जळला तर नवा बसवता येतो. ही वस्तू मी कुठून आणणार होतो?

“सगळ्या उघडून बघायच्या का?” मी विचारलं.

“उघडलेली दोन-चार दिवसांत संपवावी लागते. मग लेकीला काय देऊ, रिकाम्या बाटल्या?”

भाऊ मघापासून एक बाटली उन्हाला धरून बघत होते. “मॅडम, आमचा कोकमाचा आगळ जुना झाला का तळाला गाळ बसतो. हिचा न्हाय बसत?”

मॅडमनी कपाळावर हात मारला. “बसतो की! जुन्या वाइनला बसतोच. बाकीच्या सगळ्या अलीकडच्या आहेत.”

पण जाळ्यातून ओढताना गाळ ढवळला होता. मग बाटल्या सेलरमध्ये उभ्या करून ठेवल्या. तो दिवस बुधवार. मी युनिट तपासून तेरा डिग्रीवर लावलं. भाऊंनी दाराला कुलूप घातलं आणि चावी कमरेला लावली. मॅडमना स्वतःच्याच सेलरमध्ये जायची बंदी झाली.

रविवारी सकाळी मी एकेका बाटलीमागे टॉर्च धरला. गाळ चार बाटल्यांत निघाला! माझा चेहरा पडला. मॅडमनी वाकून रंग बघितला. एक शाईसारखी काळपट होती, तीन विटकरी. “बारोलो वयाबरोबर फिकी होते,” त्या म्हणाल्या आणि विटकरी तिघींतली एक उचलली.

बुचावर साल छापलेलं असतं. दुपारी मांडवात त्यांनी बूच ओढलं, चष्मा लावून वाचलं आणि लेकीच्या हातात दिलं. लेकीने ते वाचलं आणि तिथेच आईच्या गळ्यात पडली. मी आणि भाऊ उगाचच मांडवाच्या दोऱ्या तपासत राहिलो.

मग आम्हालाही घोटभर मिळाली. “इतकी वर्सं ठेवली,” भाऊ कानात म्हणाले, “तरी तुरटच हाय.”

रेफ्रिजरेशनच्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत, म्हणून सांगून ठेवतो. विहिरीत काहीही सोडा, पण त्याआधी त्याचा फोटो काढा.