अर्ध्या तिकिटाची अक्का

झटका येऊन माझ्या मोठ्या बहिणीचा डावा हात लुळा पडला, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या काही महिन्यांत व्यायाम चुकवला नाही तर हात परत येईल. चुकवला तर आहे तिथेच राहील. व्यायाम डिचोलीच्या इस्पितळात, आठवड्यातून तीनदा. अक्का आमोण्याला एकटी राहते.

सुरुवातीला ती नेमानं गेली. मग एक वार गळला, मग आणखी एक. विचारलं तर म्हणायची, पाहुणे आले होते. खरं कारण शेजारणीनं सांगितलं. जाण्यायेण्याचं बसभाडं तिला झेपत नव्हतं.

मी पैसे पुढे केले. डिचोलीच्या बाजारात माझं नारळांचं दुकान आहे, वर्षानुवर्षं बसच्या टपावरून पोती आणून उभं केलेलं. बहिणीचं भाडं मला जड नव्हतं. पण ती ऐकेना. "भाऊबीजेला घेते तेवढं पुरे," म्हणाली. "बारा महिने भाऊबीज नसते."

मग मी तिच्याबरोबर बसनं गेलो. भाड्यात कुठे पाणी मुरतंय ते मला बघायचं होतं. आमच्याकडे खासगी बसमध्ये तिकीट बहुधा मिळत नाही. कंडक्टर पैसे घेतो, पुढे सरकतो, हिशेब त्याच्या डोक्यात. अक्काचं घर दोन थांब्यांच्या मध्ये, तिच्यासाठी बस दारात उभी करतात. पण पैसे मात्र त्यानं मागच्या थांब्यापासूनचे घेतले.

"ती चढली कुठे आणि तू पैसे घेतोस कुठून?" मी विचारलं.

"पात्रांव, टप्पा मागचाच धरतात."

"जिथे ती बसलीच नाही तिथलेही पैसे?"

"तुम्ही नारळ विकताना करवंटीचे पैसे वगळता काय?"

सगळी बस हसली. अक्कासुद्धा. ते हसणं मला अजून बोचतं.

डिचोलीला उतरल्यावर तिला इस्पितळात सोडलं आणि मी तडक स्टँडवरच्या सरकारी बसच्या खिडकीवर गेलो. तक्रार कुठे करायची, म्हणून आवाज चढवला. आतली बाई पेडण्याकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. तिनं माझं सगळं बोलणं संपू दिलं आणि भिंतीवरचा भाड्याचा तक्ता दाखवला. भाडं टप्प्याटप्प्यानं वाढतं. दोन टप्प्यांच्या मध्ये कुणी चढलं तर मागच्या टप्प्यापासून धरायचं. "आमच्या गाडीतही असंच," ती म्हणाली.

म्हणजे त्या माणसाचं बरोबर होतं. असेल. पण करवंटीचं काढायची गरज नव्हती.

मी वळणार तेवढ्यात तिनं विचारलं, "तुमच्या बहिणीचं वय काय? साठ पुरी असतील तर आमच्या गाडीत अर्धं भाडं. ओळखपत्र करून घ्या."

ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. व्यायाम आटोपताच अक्काला घेऊन मी पुन्हा खिडकीवर हजर झालो. बाईनं लिहायला घेतलं.

"वय?"

"पंचाहत्तर," मी म्हणालो.

तिनं आधारकार्ड पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "यावर बासष्ट आहे. तुम्ही सांगता एक, कार्ड सांगतं एक. मी लिहू काय?"

"कार्डावरचं लिही गो बाय," अक्का म्हणाली. "हा माझ्या बारशाला नव्हता."

"पण साठीला मिळतं, बासष्ट पुरी आहेत, मग पंचाहत्तर कशाला?" बाईनं मला विचारलं.

मी खरं ते सांगितलं. बाजारात जन्म गेला. समोरचा घासाघीस करणार हे धरूनच आकडा सांगायची सवय. पंचाहत्तरचे थोडे उतरले असते तरी आम्ही साठीच्या वर राहिलो असतो.

बाई एवढी हसली की बाजूच्या खिडकीतला माणूस डोकावला. मग तिनं बासष्ट लिहिलं, फोटो आणि पंचायतीचा रहिवासी दाखला आणायला सांगितला. ते नेऊन दिले आणि थोड्या दिवसांत कार्ड हातात आलं. अक्कानं ते लगेच स्वतःच्या पिशवीत टाकलं. हे पैसे भावाचे नव्हते, तिच्या वयाचे होते. त्यामुळे ते घ्यायला तिला संकोच वाटला नाही.

पण कार्ड चालतं फक्त सरकारी गाडीत, आणि ती आमोण्याहून निघते सकाळी लवकर. अक्काची व्यायामाची वेळ दुपारची. तोवर ती बसणार कुठे? वेळ बदलून घ्यायला इस्पितळात काय काय सुनावायचं ते मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

दारापाशी अक्का म्हणाली, "तू बाहेर बस."

ती एकटी आत गेली आणि लगेच परत आली. सकाळचीच वेळ मिळाली होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"विचारलं."

आता तिचा एकही वार चुकत नाही. व्यायाम झाला की परतीच्या सरकारी गाडीपर्यंत ती माझ्या दुकानात येऊन बसते. माझ्यापेक्षा गिऱ्हाइकं तिच्याशीच जास्त बोलतात. मला म्हणते, तू आत जा, तू बोलायला लागलास की भांडण होतं.

परवा एका गिऱ्हाइकानं नारळ निवडून भाव विचारला. मी भाव सांगितला. तेवढ्यात अक्कानं तो नारळ डाव्या हातानं उचलला. बोटं थरथरत होती, पण पकड सुटली नाही. कानाशी नेऊन तिनं तो हलवला.

"यात पाणी कमी आहे," ती म्हणाली, गिऱ्हाइकाच्या देखत.

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो, आणि गिऱ्हाइकानं मागितला त्या भावाला नारळ देऊन टाकला.