स्टेपनीतही हवा नव्हती

मंडळी, आज आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घेऊन कुरखेड्याहून निघालो आणि जंगलात टायर पंक्चर झाला. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नव्हती. गाडी मी दर रविवारी धुतो, पण स्टेपनी दोन वर्षांत पाहिली नव्हती.

मोटरसायकलवर मासोळ्या घेऊन बाजाराला चाललेलं एक जोडपं थांबलं. "स्टेपनी मांगं बांधा भाऊ, मी हवा भरून आनतो," नवरा म्हणाला. जागा व्हावी म्हणून बायको आणि टोपली त्याने आमच्याजवळ उतरवली.

ती तासभर मासोळ्यांवर पाणी शिंपडत बसली.

आई म्हणाली, "आमच्यापायी तुमचा बाजार बुडला, बाई."

"बाजार उद्याबी भरते. तुमचा नंबर आज हाय ना?"

ऑपरेशन नीट झालं. त्यांचं नाव विचारायचं मात्र मला सुचलंच नाही.

तुम्ही स्टेपनीची हवा शेवटची कधी तपासली?