फुंकल्यावर येणारी गाठ

सुई ट्रेमध्ये तयार होती आणि गाठ गायब होती.

टेबलावर आनंदा आडवा होता. चाळिशीतला, कोल्हापुरातल्या एका ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा. सर्जननी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. उजव्या कॉलरबोनच्या वर, मानेत गाठ. टीबी असेल किंवा कॅन्सर. सोनोग्राफीत बघून एफएनएसी करा, म्हणजे बारीक सुई गाठीत घालून पेशी ओढून घ्या आणि लॅबला पाठवा. मी रेडिओलॉजिस्ट, माझं हे रोजचंच काम. पण सुई मारायची कुठे?

सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे हातात धरायचा भाग, मानेवर फिरवला. शिरा, स्नायू, थायरॉइड, सगळं जिथल्या तिथे. आदल्या दिवशीचा सीटी स्कॅनही नॉर्मल.

"अहो, गाठ आहे कुठे?"

"वाजवताना येती मॅडम. थांबलं की जाती."

"गाठ अशी ये-जा करत नाही."

"माझी करती की."

दारात त्याची बायको सुरेखा उभी होती. "कॅन्सर असला तर तसं सांगा मॅडम. उगं हिकडनं तिकडं पळवू नगा. जीव थाऱ्यावर न्हाय आमचा."

मी चिडून सर्जनना फोन लावला. ते माझ्यावरच चिडले. "माझ्याकडे आला तेव्हा खोकून बेजार होता. लिंबाएवढी लागली हाताला. नीट बघा की!"

खोकायला सांगितलं. आनंदा तोंडावर हात ठेवून सभ्यपणे एकदा खोकला. स्क्रीनवर काहीतरी पांढरं चमकून गेलं. काय ते कळेना. तोंड-नाक बंद करून छातीतून जोर लावा म्हटलं, तर त्याने गाल टम्म फुगवले. वर्षानुवर्षांची सवय. हवा सगळी गालात, मानेत काहीच नाही.

"वाजवूनच दाखवू का?" तो म्हणाला. "ट्रंपेट हाय बाहेर. हितनं कबनूरला लग्नात जायचं हाय."

माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत आजवर बरंच काही झालंय, वरात कधी निघाली नव्हती. पण दुसरा उपाय दिसेना. त्याला स्टुलावर बसवलं आणि मानेला प्रोब लावला. त्याने एक वरचा सूर धरला. बाहेर बसलेले पेशंट उठून दारात गोळा झाले. आणि कॉलरबोनच्या वर, माझ्या बोटांखाली, खरंच लिंबाएवढा फुगा आला.

मी हरखले, पण क्षणभरच. गाठ स्क्रीनवर करडी आणि गोल दिसते. इथे होती एक पांढरी चकचकीत रेघ आणि तिच्याखाली नुसतं धुकं. म्हणजे हवा. मानेत हवा कुठून आली? प्रोबखालच्या जेलमध्ये बुडबुडे असतील म्हणून पुसून पुन्हा लावलं. मशीन बिघडलं म्हणून प्रोब बदलला. आनंदा बिचारा पुन्हा पुन्हा फुंकत होता. रेघ तीच, आणि ती श्वासाबरोबर सरकत होती. ही सरकती रेघ मी छातीत, फासळ्यांच्या मधून रोज बघते. मानेत बघून ओळखायलाच तयार नव्हते. ते फुफ्फुस होतं.

थोडं सोपं करून सांगते. फुफ्फुस छातीतच संपतं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याचं टोक पहिल्या फासळीच्या वर, थोडंसं मानेत असतं. ते आणखी वर येऊ नये म्हणून त्यावर एक चिवट पडदा ताणलेला असतो. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात तसा. हा पडदा जोड-ऊतीचा, म्हणजे शरीरातल्या वस्तू जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या धाग्यांचा. नाव सुप्राप्ल्युरल मेम्ब्रेन. आनंदाचा पडदा जन्मतः कमजोर असावा, त्यात वर्षानुवर्षांची फुंकाफुंकी. जोर लागला की फटीतून फुफ्फुस डोकावायचं. सीटी काढताना आम्ही पेशंटला आडवं झोपवून, श्वास धरून गप्प पडायला लावतो. मग दिसणार काय, कपाळ!

मी ट्रेमधली सुई उचलून लांब ठेवली. तिथे अंदाजाने मारली असती, तर फुफ्फुसाला भोक पडून हवा छातीत साठली असती.

सर्जनना फोन केला.

"मानेत फुफ्फुस? मॅडम, चहा घ्या आधी."

"घेते. तुम्ही पुन्हा सीटी करा. या वेळी त्याला फुंकायला लावा."

धातूचा ट्रंपेट सीटीत चालत नाही. त्याला बंद तोंडाची प्लॅस्टिकची सिरिंज फुंकायला दिली. फोटोत फुफ्फुसाचं टोक सरळ मानेत आलेलं दिसलं. तेव्हा कुठे सर्जनचा विश्वास बसला.

मी दोघांना बसवून सांगितलं, "कॅन्सर नाही. टीबी नाही. ऑपरेशनसुद्धा लागणार नाही." सुरेखाने पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. मलाही फार बरं वाटलं. मग सर्जननी सांगितलेलं पुढचं वाक्य मी त्याच आनंदात बोलून टाकलं, "फक्त ट्रंपेट बंद करायचा."

आनंदा मानेवरून हात फिरवत राहिला.

"ऑपरेशन करून पडदा शिवला तर?"

"शिवता येतो. पण त्यानंतर वाजवता येईल, अशी खात्री कुणी देणार नाही."

"म्हंजे गाठ असती तर गाठ काढली असती," तो म्हणाला. "माझंच फुफ्फुस निघालं, म्हणून वाजवणं काढलं."

आता तो त्याच बँडमध्ये ड्रम वाजवतो. तब्येत ठणठणीत आहे. मी मात्र तेव्हापासून 'काही आजार नाही' हे सांगण्याआधी समोरच्याच्या धंद्याचं काय होणार, ते विचारून घेते.