केरात घावलेलं नाव

केरू नावाची माणसं एके काळी मुळशीत घाणेरीसारखी उदंड होती. दर वाडीला एक तरी केरू, न्हाईतर केरबा. पोरं जगत नव्हती तेव्हाची ही रीत. दोन-तीन बाळं मातीत गेली, की पुढचं जन्मल्याबरोबर सुपात घालायचं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. मागनं थोरली जाऊ जायची, ‘अगं बया, केरात पोर घावलं!’ म्हणून ओरडायची आणि ते उचलून आईच्या पुढ्यात आणून टाकायची. ज्याला त्याची आईच केरातलं म्हणते, त्याच्याकडं मरण तरी कशाला ढुंकून बघेल, असा त्यातला डाव. पुढं दवाखाने झाले, लशी आल्या. पोरं जगायला लागली आणि नाव मेलं.

उरवड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत आता एकच केरू उरला होता. सत्तरी ओलांडलेला, वाळल्या बाभळीसारखा. या नावाची माणसं चिवट असतात, असं लोक म्हणायचे आणि केरूनं ते कधी खोटं पाडलं नाही. त्याला भाताच्या खाचरात फुरसं चावलं, तो वाचला. कंपनीच्या टेम्पोनं उडवलं, तर टेम्पो चारीत गेला आणि केरू धोतर झटकत उठला.

मान मात्र या नावाला कधीच नव्हता. ग्रामपंचायतीची घंटागाडी वाडीत यायला लागली, तसा शेजारचा एकनाथ रोज सकाळी वट्यावरून ओरडायचा, “केरूतात्या, तुमची गाडी आली! ओल्यात बसताय का सुक्यात?”

“तुला ओल्यात टाकून येतो आदी,” केरू म्हणायचा. हसायचा पण.

पोरगा निरंजन आणि सून साधना दोघं हिंजवडीला कामाला, राहायला भुकूमच्या नव्या बिल्डिंगीत. दारावरच्या पाटीत निरंजननं बापाचं नाव ‘के.’ एवढंच घातलं होतं. केरूनं ते बघितलं होतं. आपल्यालाच नको झालेलं नाव पोरानं का मिरवावं, म्हणून तो गप बसला होता.

साधनाची दोन बाळंतपणं वाया गेली. पहिलं पोटातच गेलं. दुसरं काचेच्या पेटीत चार दिवस धडपडलं. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला, दिवस भरून झाला, वजनानं चांगला. पण साधना झोपेना. पोराच्या नाकाखाली बोट धरून रात्र रात्र बसायची. बारसं वाडीवर करायचं ठरलं, तशी ती आदल्या दिवशीच पोराला घेऊन आली आणि सासऱ्यापुढं बसली.

“आण्णा, आईंनी मला तुमच्या नावाचं सांगितलंय. आपण याचं तसं करू या.”

“अगं, अमोघ ठरलंय ना आपलं?” निरंजन म्हणाला.

“कागदावर तू काय हवं ते लिही. हाक केरूच मारायची.” साधना त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. “दोन वेळा सगळं डॉक्टरांचं ऐकलं ना आपण? मग आता हेही करू.”

केरूची बायको गंगू तर हरखलीच. गुरं विकल्यापासून उकिरडा नावालाच राहिला होता. तिनं परड्यात पालापाचोळा झाडून मुद्दाम ढीग घातला, सूप पुसून ठेवलं. निरंजनला बहीण नव्हती, म्हणजे पोराला आत्या नव्हती. गंगू म्हणाली, “ज्याचं नाव, त्यानंच कानात सांगावं.”

केरूनं मान डोलावली. पण रात्री त्याचा डोळा लागेना. नाव ठेवून हे भागत नाही, ते जन्मभर पाळावं लागतं, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या मायनं पाळलं होतं. पाजायची ती तोंड फिरवून. एरवी मांडीवर घेतलं, तर मरणाला कळेल पोर हिचंच हाय, म्हणून घ्यायची नाही. पाव्हण्यानं विचारलं, “कुणाचं गं हे?” तर म्हणायची, “केरात घावलंय.” तिचं आतनं काळीज तुटत होतं, असं चुलत्या पुढं सांगायच्या. तुटत असेल. केरूला ते कधी दिसलं नाही. ती शेवटच्या घटकेला टेकली, तेव्हा त्यानंच तोंडात पाणी घातलं. म्हातारीनं डोळे उघडून विचारलं, “कुणाचा रं तू?” तिला ओळख पटली नव्हती, का ती अजून पाळतच होती, हे केरूला आजतागायत उमगलेलं नाही.

सकाळी बाया जमल्या. आतल्या खोलीत पोर भुकेनं कळवळत होतं. केरू दारापाशी गेला. साधना भिंतीकडं तोंड करून उभी होती. दुधानं झंपर भिजला होता, पण ती वळेना.

“अगं, पोराला घे की!”

“असू दे रडत,” साधना म्हणाली. शाळेत पाठ केल्यासारखी म्हणाली. “कुणाचं आहे कुणास ठाऊक.”

केरू दारातनंच मागं फिरला.

परड्यात सगळं रीतीनं झालं. पोर सुपात घातलं, ढिगावर ठेवलं, गंगूनं “केरात घावलं गं बया!” म्हणून उचललं आणि केरूच्या हातात दिलं. केरूनं पोराच्या कानाशी तोंड नेलं. पण बोलला तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“अमोघ.”

त्यानं परत सांगितलं, “अमोघ नाव हाय ह्याचं.”

“आवं, काय केलं हे!” गंगूनं कपाळावर हात मारून घेतला. “वाटोळं केलं की!”

साधना पांढरीफटक पडली. “आण्णा, याला जर काही झालं...”

“झालं तर माझ्या माथी. घे. तुझं हाय ते, तूच घे.”

तिनं पोर ओढून घेतलं आणि असं कवटाळलं, की ते किंचाळलं. संध्याकाळी ती सासऱ्याच्या पाया न पडताच गाडीत बसली.

तेव्हापासून त्या घरात गंगू नवऱ्याशी नीट बोलत नाही. चहा ठेवते आणि भिंतीला सांगते, “चा ठिवलाय.” एकनाथनंसुद्धा घंटागाडीचा विनोद सोडलाय. वाडीतल्या बाया म्हणतात, म्हाताऱ्याला आपलं नाव नातवाला द्यायची लाज वाटली. केरू कुणाला काही सांगत बसत नाही. सांगणार तरी काय? फोन वाजला, की तो उचलत नाही. गंगू उचलते आणि हा तिच्या तोंडाकडं बघत राहतो. पोर तिसऱ्या महिन्यात लागलंय.

परवा भर दुपारी फोन आला. गंगूनं ऐकलं आणि मटकन खाली बसली. किती तरी दिवसांनी ती नवऱ्याकडं बघून बोलली.

“ताप हाय पोराला. उतरंना झालाय. दवाखान्यात बसल्यात. ऐका आता.”

केरूनं विचारलं, “कुणाजवळ हाय त्ये?”

“कुणाजवळ म्हंजे? आईजवळ. नर्सच्या हातात द्यायला तयार न्हाई ती.”

केरू तिच्या शेजारी जमिनीवर बसला. पलीकडं निरंजन फोन बंद करायचा विसरला होता. पोराचं रडणं ऐकू येत होतं, मध्येच साधनाचं “माझं बाळ गं, माझं ते” ऐकू येत होतं. गंगूनं फोन दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवला.

“रडतंय तवर हाय,” ती म्हणाली.

केरू कान देऊन बसला.